खोक्यातली मटकी

राइट टाउनमधल्या एका मुलीला मी घरी जाऊन विज्ञानाचे प्रयोग शिकवते. मोड उजेडाकडे वाकतात का, हे तिला बघायचं होतं. म्हणून तिने बुटांच्या खोक्याला एका बाजूला भोक पाडलं आणि आत ओल्या कापसावर वाटीभर मटकी पसरली. खोकं रविवारी, मी आल्यावरच उघडायचं ठरलं.

रविवारी तिच्या आईने माझ्यापुढे उसळ ठेवली.

"मोड लांब होऊन राहिले होते, दीदी. वाया गेले असते."

माझं डोकंच फिरलं. गढ्याच्या बाजारात पोत्यांनी मटकी मिळते, हिला हीच लागली!

मुलगी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, मोड कोणत्या बाजूला वाकले होते?"

"ते कोण पाहतं बाई?"

"ही पाहणार होती!" मी ओरडले.