कांचनच्या टाचा

मनोरमा लग्न होऊन भुसावळहून भोपाळच्या टाउनशिपमध्ये आली, तेव्हा तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. इथे सगळ्यांचं सगळं सारखं. क्वार्टर सारखे, खिडक्यांचा हिरवा रंग सारखा, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारे नवरेसुद्धा सारखे. अशा ठिकाणी कुणी जरा वेगळं निघालं की चार गल्ल्यांना चघळायला विषय होतो. मनोरमाच्या नशिबी तो विषय घरातच जन्मला.

कांचन सातव्या महिन्यातच झाली. वीतभर पोर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण हिचा पाळणा म्हणजे दवाखान्यातली काचेची पेटी, आणि पाय दिसायचे ते नर्सच्या चिमटीत. तपासणीसाठी टाचेला सुई टोचून रक्त काढायचे, पुन्हा पुन्हा. आईला आत मज्जाव होता, म्हणून मनोरमा काचेबाहेर उभी राहायची. "इतक्या लहान बाळाला दुखत नसतं," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या काळी भलेभले तसंच मानत. आणि पोर खरंच रडायची नाही. नुसतं तोंड उघडायची, आवाज यायचा नाही. गुणाची आहे बाई, असं म्हणत मनोरमा देवाला हात जोडायची. दवाखान्याने पोर वाचवली हे मात्र खरं, आणि ते उपकार ती कधी विसरली नाही.

पोर वाढली. पाढे चटाचट, चित्रं सुरेख. फक्त पायाला कुणी हात लावायचा नाही. नखं झोपेत कापायची. मोजे दिसले की घर डोक्यावर. सोनागिरीच्या बाजारात दुकानदाराने बूट चढवायला टाच धरली, तर त्याच्या छातीत लाथ बसली. शाळेत एक मुलगी चपलेचा पट्टा लावून द्यायला वाकली, तिला ही कडकडून चावली. मग मोठ्या बाईंनी मनोरमाला बोलावून घेतलं.

"दशहरे की छुट्टी के बाद जूते पहनकर आए तो ठीक," त्या म्हणाल्या, "नहीं तो कहीं और देखिए. ऐसे बच्चों के स्कूल अलग होते हैं."

पोर पेटीतून बाहेर आली खरी, पण तिचं डोकं थोडं आतच राहिलं की काय, ही भीती मनोरमाने इतकी वर्षं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आता बाईंनीच ती बोलून दाखवली. नवरा सुभाष मात्र बेफिकीर. "लाडाने शेफारली आहे, दुसरं काही नाही," म्हणायचा. "एकदा धरून बूट घाल, होईल सरळ."

अष्टमीला सुभाषच्या साहेबांच्या घरी, शुक्लांकडे, कन्यापूजन होतं. नऊ मुलींचे पाय धुऊन पूजा करायची, हलवापुरी वाढायची. नेमकी एक मुलगी तापाने पडली. शुक्लाबाईंनी निरोप धाडला, कांचनला पाठवा. साहेबांच्या घरचं बोलावणं, नाही कसं म्हणायचं? शिवाय मनोरमाला वाटलं, आज एवढं निभावलं तर उद्या बूटही चढतील. तिने पोरीला पाटावर बसवलं आणि शेजारी बसून तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

शुक्लाबाई परात घेऊन आल्या. त्यांचा ओला हात टाचेखाली गेला मात्र, कांचन किंचाळली नाही, रडली नाही. तिने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. हा चेहरा मनोरमाच्या चांगला ओळखीचा होता. तिचे हात सुटले, आणि त्याच क्षणी लाथ बसली. परात उलटी, शुक्लाबाईंचा चष्मा फुटला.

शुक्लाबाई बिचाऱ्या हसल्या. "देवी की लात है, बहनजी, आशीर्वाद ही समझो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर किसी डॉक्टर को दिखा लो. सतमासे बच्चों का दिमाग कमज़ोर रह जाता है."

"दिमाग ठीक है उसका," मनोरमा म्हणाली. "उसको दर्द हुआ था. मैंने देखा है." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ती पोरीला घेऊन घरी आली.

घरी सुभाष बूट हातात घेऊनच बसला होता. बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली होती. मनोरमाने ते बूट त्याच्याकडून घेतले आणि कपाटावर टाकले. "सोमवारी ही चपला घालून शाळेत जाईल, मी बरोबर जाईन," ती म्हणाली. "काढलं तर काढू देत. पण आजपासून हिला कुणी धरायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

कांचन पलंगाखाली जाऊन बसली होती. मनोरमा फरशीवर आडवी झाली, म्हणजे तिचं तोंड दिसेल.

"मी गंदी मुलगी आहे का?" कांचनने विचारलं.

"नाही गं. तू अगदी छोटी होतीस तेव्हा तुझ्या पायाला सुया टोचायचे. औषधपाण्यासाठीच, पण तुला दुखायचं. सगळे म्हणायचे, दुखत नाही. मीही तेच मानलं."

"तू कुठे होतीस?"

"बाहेर. काचेतून बघत होते."

"आत का नाही आलीस?"

"दार बंद असायचं, बाळा. आत सोडत नव्हते."

"तो खटखटाना था ना, आई," कांचन म्हणाली.