खळमावशीच्या हातचं

खळमावशीच्या बोटांवर कायम वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत. भांडी घासून झाली, अंघोळ झाली, तरी नखांच्या कडेला पांढरा थर उरायचाच आणि बोलता बोलता ती तो अंगठ्याने खरवडत बसायची. दुकानातला डिंक तिला मान्य नव्हता. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, बोटानेच लावायची आणि चिकटलं नाही तर दोष कागदाला द्यायचा. तिचं आडनाव मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आमची अनू बोलायला लागली तेव्हा तिने हे नाव ठेवलं आणि हर्सूलकडच्या आमच्या सगळ्या गल्लीने ते उचललं.

मावशी मूळची देवगाव रंगारीची. तिकडे अंगणवाडीत मदतनीस म्हणून उमेदीची वर्षं घालवली आणि काम सुटल्यावर मुलाकडे, सुधीरकडे, आमच्या शेजारी राहायला आली. सुधीर आणि माझा नवरा दोघेही वाळूजला कामाला, शिफ्टची बस एकच. मी दिवसभर ऑफिसात. त्यामुळे शाळा सुटली की अनू मावशीकडे, आणि तिच्या मागे गल्लीतली बाकीची पोरं. सुधीर कंपनीतून पुठ्ठ्याची खोकी आणायचा, त्यांची घरं आणि बैलगाड्या व्हायच्या. पोळ्याला पुठ्ठ्याचे बैल, भीमजयंतीला निळ्या पताका, बुद्धपौर्णिमेला कागदी कमळं. दिवाळीचे आकाशकंदील तर दरवर्षी एका अंगाला कललेले. कुणी दाखवून दिलं की मावशी म्हणायची, "वारं आलं की व्हईल सरळ." वारं आलं की कंदील आणखी कलायचा, पण तोवर मावशी पुढच्या कामाला लागलेली असे.

आता अनूचं सांगायला हवं. तिला शेंगदाणा चालत नाही. मराठवाड्यात राहून असं सांगणं म्हणजे पाण्यात राहून पाणी चालत नाही म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे भाजीत कूट आहे का, असं कुणी विचारत नाही, ते असतंच. अनू दोन वर्षांची असताना एका नातेवाइकांकडे तिने भेंडीच्या भाजीचा एक घास खाल्ला. ओठ सुजले, छाती वाजायला लागली. रिक्षात ती माझ्या मांडीवर निळी पडत चालली होती आणि मी त्या रिक्षावाल्याला नुसती "चला, चला" म्हणत होते. तो बिचारा चालवतच होता. पोर वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर कणभरही नको, आणि इंजेक्शन सतत जवळ ठेवा.

त्यानंतर ज्याला त्याला अक्कल फुटली. कुणी म्हणे, थोडं थोडं द्या, सवय होईल. कुणी म्हणे, लाडावून ठेवलंय. आमच्या काळी असली थेरं नव्हती, हे तर प्रत्येकाच्या तोंडी. एका आत्याबाईंनी "बघू तरी काय होतंय" म्हणून माझ्या पाठीमागे तिच्या हातात चिक्कीचा तुकडा ठेवला होता. मी भांडायची, वाईटपणा घ्यायची आणि मग थकून लेकीला घेऊन घरी यायची.

वाद न घालणारी एक मावशीच निघाली. "लेकराच्या अंगाला नाय सोसत तर नाय सोसत," ती म्हणाली, "अंगासंगं काय भांडायचं?" आणि त्याच दिवशी तिने घरातला शेंगदाण्याचा डबा उचलून पलीकडच्या बाईला देऊन टाकला. सुधीरला दाण्याच्या चटणीशिवाय भाकरी उतरत नसे. तो महिनाभर तोंड पाडून बसला. मावशीने त्याला तिळाची, कारळाची, जवसाची अशा सगळ्या चटण्या करून घातल्या, पण शेंगदाणा काही घरात येऊ दिला नाही. "चटणीवाचून तू मरत नाय," एवढंच ती त्याला म्हणाली.

पोरांच्या खाऊचा तिचा एक ठरलेला प्रकार होता, ज्वारीच्या लाह्यांचे आणि डाळ्याचे लाडू. ते पोरांनीच वळायचे. खरं सांगायचं तर गुळाचा पाक मावशीला जन्मात जमला नाही. एक तर लाडवाचा हातात भुगा व्हायचा, नाही तर तो गलोलीला लावण्याजोगा व्हायचा. पण स्वतः वळलेले म्हणून पोरं ते आवडीने खात. लाडवाला हात लावण्याआधी सगळ्यांनी रांगेत तळवे पुढे करायचे आणि मावशी एकेकाचा हात हुंगणार. कुणी घरून दाणे खाऊन आलेलं असलं की त्याची रवानगी मोरीत, साबण लावून परत रांगेत. पोरांना तो खेळ वाटे. मी मात्र पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा दारातच उभी राहून रडले. लग्न असो, वाढदिवस असो, माझी लेक आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. मावशीकडे ती चारचौघांच्या ताटात हात घालून खात होती. माझ्याशिवाय जगात त्या एकाच बाईच्या हातचं तिला चालत होतं.

मग मावशी विसरायला लागली. खळीचं पातेलं करपलं, कंदिलाच्या शेपट्या राहिल्या, मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. आम्ही हसायचो. वय झालं की होतं, असं आपण म्हणतोच.

गेल्या वर्षी एके दिवशी मी ऑफिसातून थेट तिच्याकडे गेले. पोरं निघून गेली होती. अनू उंबऱ्यापाशी हात पाठीमागे घेऊन उभी होती आणि दारातच मला वास आला. ताटात शेंगदाण्याचे लाडू होते. दाणे मावशीनेच सकाळी दुकानातून आणले होते.

"आई, मावशीने माझे हात हुंगले आणि मग लाडू दिला," अनू हळू आवाजात म्हणाली. "मी नाही खाल्ला. तू तिला रागावू नको."

मावशी म्हणत होती, डाळ्याचे आहेत, अनूनेच तर डाळं निवडून दिलं. मी एक लाडू फोडून तिच्या नाकापाशी धरला. तिने हुंगला, पुन्हा हुंगला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"ह्ये म्या केलं?" तिने विचारलं.

सुधीर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी फार तर त्याची चाल मंदावेल, असं कळलं. मी अनूला तिच्याकडे पाठवणं बंद केलं. दुसरं काय करणार होते? संध्याकाळ झाली की मावशी आमच्या दारात यायची. "लेकरू का येत नाय? माझं काय चुकलं?" पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं. तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, रडली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी दारात पुन्हा तीच, पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं आणि पुन्हा तिने ते नव्याने ऐकलं. कितीदा सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला रोज पहिल्यांदाच कळत असेल तर का सांगायचं? मग मी खोटं बोलायला लागले. अनूची परीक्षा आहे. अनूला सर्दी झालीय. "मंग बरुबर," म्हणून ती निमूट परत जायची. आत अनू सगळं ऐकत असायची.

एकदा अनूनेच विचारलं, नुसते कागद कापायला जाऊ का, खाणार काही नाही. सुट्टीचा दिवस होता, मी बरोबर जाऊन बसले. मावशीची कात्री अजून झकास चालत होती. पण दर थोड्या वेळाने ती उठायची, पोरांना काही तरी दिलं पाहिजे म्हणून आत जायची. गॅस सुधीरने बंद करून ठेवलेला, डबे उचलून ठेवलेले. ती रिकाम्या फळीसमोर उभी राहायची. मग अनू हाक मारायची, "मावशी, खळ वाळतेय, ये ना." आणि ती लगबगीने परत यायची. मी दोघींकडे बघत बसले. रडायचं कुणासाठी, तेही मला कळत नव्हतं.

सुधीरच्या कामाच्या पाळ्या बदलत असत आणि तिला घरात एकटं ठेवणं शक्य नव्हतं. देवगावला तिची धाकटी बहीण होती, ती सांभाळायला तयार झाली. जीप दारात आली तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मावशी सगळ्यांना चुकीच्या नावांनी हाक मारत होती, पण अनू दिसताच तिने पदराची गाठ सोडली आणि त्यातला एक लाडू काढून अनूच्या हातावर ठेवला. तो तिने कुठून मिळवला, सुधीरलाही माहीत नव्हतं. एवढ्या बायकांसमोर, निघालेल्या माणसाने दिलेला घास लेकीच्या हातून हिसकावून कसा घ्यायचा?

अनूने लाडवाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मावशी, यात काय काय घातलंय?"

मावशी बघत राहिली. लाडवाकडे, अनूकडे, मग माझ्याकडे.

"नाय आठवत, बाळा," ती म्हणाली. "मंग नको खाऊ."

आणि तिने स्वतःच तो लाडू अनूच्या हातावरून परत घेतला. पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारायला लागली. गाठ काही बसेना. जीपवाल्याने हॉर्न दिला. शेवटी अनू पुढे झाली आणि तिनेच ती गाठ घट्ट बांधून दिली.