मशीनरूममधला रियाज

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची सगळी हयात गेली. पन्नाशी उलटल्यावर त्यानं व्हायोलिन हातात घेतलं, तेव्हा कामावरच्या लोकांनी त्याची भरपूर टर उडवली. पण त्यामागं हौस नव्हती. बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जिच्या तोंडाच्या पट्ट्यापुढं शेजारणी हात टेकायच्या, ती बाई गप्प झाली. घर त्याला खायला उठायचं. एका इमारतीत काम करताना बंद दाराआडून व्हायोलिन ऐकू आलं आणि त्यानं बेल दाबली. आत व्हायोलिन शिकवणारे मास्तर होते, म्हातारे आणि तिरसट.

या वयात बोटं वळत नाहीत, असं मास्तरांनी तोंडावर सांगितलं. त्याची तर पान्यांनी आणि ग्रीसनं राठ झालेली. गज तारेवर टेकला की बिजागरी करकरावी तसा आवाज यायचा. महिन्याभरातच त्यानं नाद सोडला असता. पण तो बायकोच्या खाटेशेजारी बसून रोज वाजवायचा, आणि वाजवताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेवढ्यावर त्यानं तग धरला. आपलं वाजवणं निदान एका माणसाच्या काळजाला भिडतंय, या समजुतीवर मास्तरांची बोलणी त्यानं वर्षभर मुकाट्यानं खाल्ली.

मग बायकोला बोलायला शिकवणारी एक मुलगी दवाखान्यातून घरी येऊ लागली. धीराची पोर. ओठ कसे मिटायचे, श्वास कसा सोडायचा, सगळं आरशात दाखवायची. एका संध्याकाळी ती असतानाच त्यानं व्हायोलिन काढलं. बायकोनं डावा हात उचलला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा पुन्हा धडपडून एक शब्द बाहेर काढला.

"बंद."

"काका, बोलल्या त्या," मुलगी म्हणाली. तिला आनंद मावत नव्हता.

"हे बंद करू?" त्यानं गज दाखवून विचारलं.

बायकोनं होकाराची मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, रोजचंच.

व्हायोलिन कपाटावर गेलं. आपल्याला राग आला नाही, असं तो मेहुणीला सांगायचा, पण ते खरं नव्हतं. भरवताना चमचा बायकोच्या दातांवर आपटू लागला. कूस बदलताना हात नको तेवढा जोरात पडू लागला. एक दिवस तिच्या दंडावर आपल्या बोटांचे वळ दिसले आणि तो चरकला. त्यानं मेहुणीला संध्याकाळी तासभर येऊन बसायची गळ घातली, आणि व्हायोलिन काखोटीला मारून आपल्याच इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेला. किल्ली त्याच्याकडेच असायची.

तिथं मोटर घरघरायची, गरम तेलाचा वास कोंडलेला असायचा. ऐकायला कुणी नव्हतं. आपण किती वाईट वाजवतो, हे त्याला पहिल्यांदा तिथं ऐकू आलं. तरी तो जात राहिला. खाली येताना डोकं निवलेलं असायचं, आणि मग चमचाही नीट धरला जायचा. एकदा तर बायको त्याच्याकडं पाहून अर्ध्या तोंडानं हसली.

थंडीत तिला दुसरा झटका आला, तेव्हा तो वरच होता. मेहुणीनं फोनवर फोन केले. मोटरच्या आवाजात त्याला कळलंच नाही. तो खाली उतरला तोवर सगळं आटोपलं होतं. मेहुणी त्याला काही बोलली नाही. माणसं जमू लागली तशी येईल त्याला मात्र ती हलक्या आवाजात सांगत राहिली, "भावजी वर वाजवत बसले होते." त्यात खोटं काहीच नव्हतं. तो कोपऱ्यात बसून ऐकत राहिला.

आता हा व्हायोलिनला हात लावणार नाही, असंच सगळे धरून चालले. थोड्या दिवसांनी तो मास्तरांच्या दारात उभा राहिला. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. त्यांनी पाणी दिलं, तो पिऊन होईपर्यंत थांबले.

"आता कुणासाठी शिकायचं?"

"कुणासाठी नाही. घरी बसवत नाही."

मास्तरांनी खुर्ची पुढं सरकवली आणि तारा सुरात लावायला सांगितल्या. त्याला त्या पटकन लावता येईनात. मास्तर खिडकीबाहेर बघत बसून राहिले.