समझ में आया?

मध्य प्रदेशातल्या वारासिवनीला उतरलं की राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास येतो आणि मला आमचा अकरावीचा वर्ग आठवतो. सहामाहीत मी गणितात नापास झाले होते. पुन्हा तसंच झालं तर बाबा शाळा सोडवणार होते.

सरांनी फळाभर गणित सोडवून विचारलं, "समझ में आया?" सगळ्यांसोबत मीही मान डोलावली.

शेजारी बसलेली कुसुम कुजबुजली, "तुले समजलं नाही, मंग हौ काहून म्हन्लं वं?"

मी उभी राहिले. "सर, नहीं आया."

सरांनी शांतपणे फळा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या बाकांवरही भराभर वह्या उघडल्या.

वार्षिक परीक्षेत मी पास झाले. तेव्हा वाटायचं, वर्गात मी एकटीच ढ. आज वाटतं, कुणीतरी उभं राहावं म्हणून सगळेच थांबले होते.