साडेचार किलोंचा ट्रिगर

नीलांबरी वैरागडे टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये घरं विकायची. नागपूरहून आली तेव्हा ती नवऱ्याच्या, यतीनच्या व्हिसावर होती आणि सात वर्षं तिला कामच करता आलं नव्हतं. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच महिन्यात तिनं रिअल इस्टेटच्या लायसन्सची परीक्षा दिली. त्यानंतरची बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या घरांची दारं उघडत फिरली. ओळखीतली निम्मी मराठी मंडळी तिनं दाखवलेल्या घरांत राहतात. ओट्यावर ऊन कधी येईल, देव कुठल्या भिंतीला मांडता येतील, फोडणीचा वास कुठल्या खिडकीतून जाईल, हे ती दारातच सांगून मोकळी व्हायची. रिकाम्या घरात एकटीनं शिरायची तिला भीती अशी कधी वाटली नव्हती.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, एक माणूस घर बघायला आला. फोनवर गोड बोलला होता. पुढे चालत नीलांबरी स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि मागं खटकन आवाज झाला. त्यानं पुढच्या दाराची कडी लावली होती.

"कोणी डिस्टर्ब नको करायला," तो हसत म्हणाला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण जीभ बारा वर्षांच्या सवयीनं बोलत राहिली. "गॅरेज बघा ना, दोन गाड्यांचं आहे," असं म्हणत ती बाजूच्या दारातून गॅरेजमध्ये गेली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. मोठं दार घरघरत वर गेलं. समोर शेजारी गवत कापत होता. त्यानं वळून बघितलं. तो माणूस दोन क्षण उभा राहिला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेला.

पोलिसांनी रिपोर्ट लिहून घेतला. फोन नंबर खोटा निघाला. ऑफिसर सभ्य होता. तो म्हणाला, "मॅम, त्यानं एक दार बंद केलं. त्यावर मी फार काही करू शकत नाही."

यतीनही तेच म्हणाला. "काही झालं नाही ना? मग झालं तर."

काही झालं नव्हतं, हेच तर तिला सांगता येत नव्हतं. झालं असतं तर भीतीला काही नाव तरी देता आलं असतं. आता ती कशालाही चिकटायची. डिशवॉशरचं दार लागलं की ती दचकून मागं बघायची. गिऱ्हाइकाकडे पाठ करून तिला चालता येईना. दोन अपॉइंटमेंट तिनं अंगात ताप आहे असं सांगून कॅन्सल केल्या.

ऑफिसमधल्या दोघी-तिघींच्या पर्समध्ये पिस्तूल असायचं, हे तिला ठाऊक होतं. पूर्वी ती त्यावर हसायची. आता यतीनजवळ विषय काढला तर तो भडकलाच. "नीलू, घरात बंदूक? सुट्टीत आपली सिया हॉस्टेलवरून येते, तिच्या मैत्रिणी येतात. डोकं ठिकाणावर आहे का?"

"घरात नाही. माझ्या पर्समध्ये."

"पर्स काय झाडाला टांगतेस?"

तीन दिवस दोघांत अबोला राहिला. चौथ्या दिवशी ती एकटीच बंदुकांच्या दुकानात गेली.

काउंटरमागं तिशीचा, दाढीवाला, धिप्पाड माणूस उभा होता. तिचं नाव वाचून त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही मराठी?" नकुल नावाचा हा मुलगा टेक्सासातच जन्मलेला, चार वर्षं आर्मीत काढून आता इथं नेमबाजी शिकवत होता. त्याचं मराठी लहानपणी आईकडून ऐकलेलं, अर्धवट. तरीही ते ऐकून नीलांबरीला रडूच आलं. त्यानं टिश्यूचा बॉक्स पुढं सरकवला आणि काय झालं ते विचारलं.

सगळं ऐकल्यावर त्यानं कपाटातून तीन छोटी पिस्तुलं काढली. प्रत्येक रिकामं आहे हे स्वतः बघितलं, तिलाही बघायला लावलं.

"सगळे साइझ बघतात, कलर बघतात," तो म्हणाला. "तुम्ही ट्रिगर बघा. बाकी नंतर."

पहिलं काळं, चौकोनी, प्लॅस्टिकच्या मुठीचं होतं. हल्ली बहुतेक लोक हेच नेतात, तो म्हणाला. मागून आपटून गोळी उडवणारा घोडा बाहेर दिसत नाही, सेफ्टीचा वेगळा खटका नाही. प्रत्येक वेळी ट्रिगर सारखाच ओढायचा. साधारण अडीच किलोंचा जोर. नीलांबरीनं भिंतीवरच्या कागदाकडे ते रोखलं. बोट थोडं मोकळं मागं गेलं, कुठंतरी अडलं, आणि पुढं जरासं दाबल्यावर टक् झालं. बस्स, एवढंच. कुकरची शिटी काढायला याहून जास्त जोर लागतो.

"एवढं सोपं?"

"सोपं आहे म्हणून शिकायला चांगलं आहे. मी पण हाच रेकमेंड करतो."

दुसऱ्या पिस्तुलाचा घोडा आधीच मागं चढवलेला राहायचा आणि अंगठ्यानं एक खटका खाली केल्याशिवाय ते उडायचं नाही. खटका खाली केला की मात्र ट्रिगर इतका हलका, की बोट लागायचा अवकाश. नीलांबरीला त्या मंगळवारची आठवण झाली. तेव्हा तिला स्वतःचं नाव आठवलं नसतं, अंगठा कुठला आठवायला! तिनं ते लगेच खाली ठेवलं.

तिसरं जड होतं, पूर्ण लोखंडी. त्याचा घोडा मागं दिसत होता, आडवा झोपलेला. तिनं ट्रिगर ओढायला घेतला तर तो संपेचना. बोट मागं येत राहिलं, घोडा हळूहळू उठत गेला आणि अगदी शेवटी पडला.

"पहिला असा लांब. साडेचार किलो," नकुल म्हणाला. "मग घोडा मागंच राहते. दुसरा शॉट एकदम लाइट. म्हणजे तुम्हाला दोन ट्रिगर शिकावं लागेल, काकू. घाबरलेला माणूस पहिला शॉट खाली मारतो, आणि दुसरा कधी गेला ते त्याला कळत पण नाही."

"पण याच्यात विचार करायला वेळ मिळतो."

नकुलनं नकारार्थी मान हलवली. तिचं बोट धरून त्यानं ते सरळ केलं आणि पिस्तुलाच्या अंगावर, ट्रिगरच्या वर टेकवलं. "ब्रेक इथं आहे. बोट इथं असलं पाहिजे. आत ट्रिगरवर गेलं की लांब ट्रिगर तुम्हाला थांबवणार नाही."

आतल्या रेंजवर तिनं तिन्ही उडवून बघितली. पहिल्या पिस्तुलाच्या गोळ्या कागदावर बऱ्यापैकी एका जागी लागल्या. तिसऱ्याची पहिली गोळी दर वेळी खाली डावीकडे भरकटायची. नकुलनं दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले. नीलांबरीनं तरीही तिसरंच घेतलं. गोळी लागणार नाही याची तिला फारशी भीती नव्हती. तिला भीती होती ती चुकून सुटण्याची. फॉर्म भरला, चौकशी झाली, आणि अर्ध्या तासात ती पिस्तूल घेऊन पार्किंगमध्ये उभी होती. सहा शनिवार ती क्लासलाही गेली. यतीनला तिनं सगळं सांगितलं. तो पिस्तूल ठेवायला कुलपाची छोटी पेटी घेऊन आला.

मे महिन्यात राजस नावाच्या एका इंजिनियरला घर दाखवायचं होतं. वेळ साडेदहाची. नीलांबरी दहालाच पोचली, दार उघडून ठेवलं आणि वर जाऊन पडदे सरकवू लागली. खाली दार लागलं. आणि मागोमाग कडी.

पाच जिने चढून आल्यासारखा तिला दम लागला. राजसची गाडी तर दिसत नव्हती. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पावलांचाही आवाज नव्हता. फक्त जिन्याची एक पायरी करकरली, मग दुसरी. पर्समधून पिस्तूल कधी बाहेर आलं, तिला कळलंच नाही. दारात सावली पडली. तिला पिस्तुलाच्या मागचा घोडा दिसत होता. तो उठत होता. अर्धा उठला होता. तो आपणच उठवतो आहोत, आपलं बोट आत आहे, हे तिला जणू दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

"अहो... अहो बाई, मी राजसचा बाबा."

पायात नुसते मोजे घातलेले, सत्तरीचे एक गृहस्थ दारात उभे होते. दोन्ही हात छातीशी जोडलेले.

तिनं बोट काढलं. घोडा परत झोपला. राजसचे वडील, एकनाथराव, होते तिथंच भिंतीला धरून खाली बसले. मुलगा कोपऱ्यावर गाडीत फोनवर बोलत होता, म्हणून ते पुढं आले होते. बूट दाराशी काढले होते. इथं कायम कडी लावावी, असं मुलानंच बजावलं होतं.

नीलांबरीनं पिस्तूल दूर खिडकीत ठेवलं. रिकाम्या घरात पेला नव्हता. बाथरूमच्या नळाखाली ओंजळ धरून तिनं पाणी आणलं, निम्मं वाटेत सांडलं. ते तिच्या ओंजळीतून प्यायले.

"राजसला सांगू नका," ते म्हणाले. "मला परत एकट्याला कुठं सोडणार नाही तो."

"काका, मला सांगावंच लागेल."

तिनं सांगितलं. राजस आधी पांढरा पडला, मग इतका ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पोलिसांना बोलवतो म्हणाला. एकनाथरावांनी त्याचा दंड धरून ठेवला. "चूक दोघांची झाली. चल आता." त्यांनी घर दुसऱ्या एजंटकडून घेतलं. गोष्ट गावभर झाली आणि पुढचे दोन महिने नीलांबरीचा फोन फारसा वाजला नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी ती नकुलकडे पिस्तूल परत द्यायला गेली होती. त्यानं ते रिकामं केलं.

"ते पहिलं असतं, काळं, तर उडालं असतं का?" तिनं विचारलं.

त्यानं काढलेल्या गोळ्या काउंटरवर ओळीत ठेवल्या. "माहीत नाही, काकू. खरंच माहीत नाही."

"आणि अजून अर्धा सेकंद गेला असता तर?"

त्यानं पिस्तूल कपाटात ठेवून दिलं. बाहेर गाडीपर्यंत तिच्याबरोबर आला, आणि ती गाडी सुरू करेपर्यंत उन्हात उभा राहिला.

आता नीलांबरी अनोळखी माणसाला आधी ऑफिसात बोलावते, त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सची कॉपी काढून घेते. रिकाम्या घरात तिच्याबरोबर लता नावाची दुसरी एजंट असते, कमिशन अर्धं अर्धं. शनिवारी लताला जमत नाही, तेव्हा यतीन ड्राइव्हवेमध्ये गाडीत लॅपटॉप उघडून बसतो. कुरकुर करतो, पण येतो. भीती गेली आहे का, असं सियानं मध्ये एकदा फोनवर विचारलं. नीलांबरी नाही म्हणाली. कुठंही मागं कडी वाजली की ती अजून वळून बघते. फक्त आता, वळण्याआधी, तोंडानं मोठ्यांदा विचारते, "कोण आहे?"