वरून ओतलेलं पाणी

आमच्या बौद्धवाडीतल्या प्रज्ञेशला गाव ‘हातची नोकरी घालवून आलेला’ म्हणतं. म्हणो बापडं. मी त्याचा शेजारी, आणि अख्ख्या खेड तालुक्यात त्याच्याइतका ताठ माणूस मला कुणी दाखवावाच.

फौजेतून निवृत्त झाल्यावर तो एका परदेशी कंपनीत लागला. ही कंपनी भाड्याने शिपाई पुरवते. आफ्रिकेतल्या एका गरीब देशात श्रीमंत देशांनी मदत म्हणून पाठवलेल्या धान्याच्या गोदामावर त्याचा पहारा होता. धान्य लोकांसाठी, आणि बंदुकाही लोकांवरच रोखलेल्या. असली मदत देणाऱ्यालाच लखलाभ होवो. एकदा वाटप बंद ठेवलं, तशी उपाशी बायाबापड्यांची गर्दी रिकामी भांडी घेऊन फाटकाशी आली. हे दहशतवादी आहेत, गोळ्या घाला, असा साहेबाने हुकूम सोडला. प्रज्ञेशने बंदूक खाली केली. बाकीच्यांनी झाडल्या, माणसं मेली. प्रज्ञेशला दुसऱ्या दिवशी विमानात बसवून दिलं.

फौजेत असताना काश्मिरात त्याने खरे दहशतवादी पाहिलेत, सोबतचा जवान गमावलाय. म्हणून भुकेल्याला कुणी ते नाव दिलेलं त्याला सोसत नाही. “अतिरेकी हातात टोप घेऊन येत न्हाय,” एवढंच तो म्हणतो.

यंदा त्या गोळीबाराची चौकशी लागली, आणि ऐन वैशाखात कंपनीचा माणूस वाडीत हजर झाला. आमची विहीर आटलेली, टँकरचा पत्ता नाही. त्याने गोड बोलून सांगितलं की कंपनी मदत म्हणून वाडीला टाकी बांधून देईल, घरोघरी नळ देईल. प्रज्ञेशने फक्त त्या गर्दीकडे हत्यारं होती असा जबाब द्यावा. पाणी कुठे मुरतंय ते आम्हाला तेव्हा कळलं.

विहारात वाडी जमली, कंपनीचा माणूसही येऊन बसला. मेलेले काही परत येणार नाहीत, पाणी तरी येईल, असं बरेचजण बोलले. मला संताप आला, पण माझ्याही बायकोच्या डोक्यावर हंडा आहेच, मी कोणत्या तोंडाने बोलू? प्रज्ञेश मान खाली घालून बसला होता. साहेबाच्या हुकमाला न बधलेला हा गडी आईकडे, चंपाकाकीकडे, बघून डळमळला. तिचे गुडघे गेलेत, तरी खालच्या वहाळातला झरा खरवडून ती कळशी भरून आणते. नळ सगळ्यात जास्त तिलाच हवा होता.

तीच उठली.

“इटाळ हुईल म्हनून गाववाले माज्या आयशीला वरनं पानी वतायचे,” ती म्हणाली. “ती खाली वाकून ओंजळ धरायची. वतनारा काय बोलंल ते गप ऐकायची, न्हायतर धार थांबायची. ह्ये नळाचं पानी बी वरनंच वततायत. आमाला नको.” मग पोराकडे वळून म्हणाली, “तू बघितलंस त्येच सांग.”

प्रज्ञेशने मान वर केली आणि कंपनीच्या माणसाला तोंडावर सांगितलं की चौकशीत तो खरं तेच बोलणार. पुढे तो तसंच बोललाही.

तो माणूस उठला. उन्हाने त्याचा घसा सुकला होता, आणि पाणी मागायची त्याला लाज वाटत होती. चंपाकाकीने आपल्या कळशीतलं पाणी तांब्यात काढलं आणि तांब्या त्याच्या हातात दिला. “सरळ उभा ऱ्हाऊन पी बाबा,” ती म्हणाली.