तंबाखूचा अंगठा

ऑक्युपेशनल थेरपी हे शब्द धड उच्चारणारा माणूस सोलापुरात मला अजून भेटायचाय. निम्मं गाव मला मालिशवाली बाई समजतं, उरलेलं खेळणीवाली. काम तसं साधं. आजारानं रुसलेल्या हाताला रोजच्या गोष्टी पुन्हा शिकवायच्या. बटण लावणं, घास उचलणं, असलं.

होटगीचे एक काका आले, सोबत काकू. रेल्वेतून निवृत्त, लकव्यानं उजवा हात लुळा. हातानं काय जमायला हवं, विचारलं.

"तंबाकू मळाया यावी. दुसरं काय न्हाय."

घरात कुणी मळून देत नव्हतं, तरी डबी खिशात होतीच. त्या अंगठ्यानं जन्मभर एवढी तंबाखू मळली होती, की होटगीला थांबलेली इंजिनं शिंकूनच पुढं निघत.

काका चपला शोधत होते तेवढ्यात काकूंनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, समदा हात नीट करा. अंगठा तेवढा ऱ्हाऊ द्या."

"अंगठ्याशिवाय बटण कसं लागायचं, काकू?"

"मी लावते की. घासबी भरवीन. लग्न झाल्यापास्नं आत्ता कुटं ह्यांच्या तोंडाचा वास गेलाय."

माझ्या पुस्तकांत यावर एक ओळही नव्हती. मी म्हटलं, "अंगठा मी चालू करते. त्याला कामाला लावायचं तुमच्याकडं."

काकूंनी ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेपासून शेंगांचं पोतंच यायला लागलं. काका बसून सोलायचे, आधी डाव्या हातानं दाबून, मग उजव्यानं कसंबसं. टरफलांचा डोंगर एवढा झाला, की मला पलीकडचा पेशंट दिसेना. उभ्या जिल्ह्याच्या शेंगाचटणीची सोय त्या खोलीत झाली म्हणा.

आणि एक दिवस शेंग टचकन फुटली. निव्वळ उजव्या अंगठ्यानं.

काकांनी शेंगदाणा खाली टाकला, खिशातली डबी काढली, डाव्या तळहातावर ओतली आणि मान खाली घालून मळायला लागले. अंगठा गोल फिरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धंद्याला न शोभणारं. त्यांनी थाप मारली, चिमूट ओठाखाली ठेवली आणि थांबले.

"बडीशेप हाय ही."

"व्हय," काकू म्हणाल्या. "काळी व्हईस्तोवर भाजून भरलीया. मळा की."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंखा न्याहाळत होते. अंगठ्याला कामाला लावा, हे मीच सांगितलं होतं ना.

त्यांनी ती चावून पाहिली. मग आणखी थोडी ओतली, नीट मळली, आणि तळहात काकूंपुढं धरला.

"घे. मीठ जास्त पडलंय."